रोह्याच्या तारेत किती अँपिअर?

रोहा स्टेशनात रुळांवरची तार नीट बघितली आहे का? इथेच कोकण रेल्वे सुरू होते, ती थेट कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत. तब्बल ७४१ किलोमीटर! या सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झालं. तार जेमतेम करंगळीएवढी जाड, पण तिचा दाब २५,००० व्होल्ट. आपल्या घरात असतो २३०.

एवढा दाब कशाला? गणितच करू या.

आधी घरातली इस्त्री घ्या. तिच्यावर १,००० वॉट लिहिलंय. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. म्हणून १,००० ला २३० नं भागलं की कळतं, इस्त्रीतून साधारण ४.३ अँपिअर विद्युतधारा वाहते. आता २३० व्होल्टना त्या ४.३ नं भागा. आला इस्त्रीचा रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा : सुमारे ५३ ओहम.

आता इंजिन! भरधाव गाडी ओढताना मोठ्या इंजिनाला ढोबळमानाने ४५ लाख वॉट लागतात. २५,००० नं भागा : फक्त १८० अँपिअर. हीच शक्ती २३० व्होल्टवर द्यायची म्हटली, तर साडेएकोणीस हजार अँपिअर हवेत! आणि समजा, तारेचा रोध अवघा १ ओहम आहे. तर २३० व्होल्टचा दाब तिच्यातून जास्तीत जास्त २३० अँपिअर ढकलू शकेल. गाडी जागची हलणारच नाही.

शिवाय तार तापते ती वेगळीच. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती १,५०० व्होल्टवर. आपल्या इंजिनाला त्या दाबावर ३,००० अँपिअर लागले असते. म्हणून तर मुंबईनंही पुढे २५,००० व्होल्ट स्वीकारले.

मात्र धक्का बसायला या तारेला हात लावायचीही गरज नसते. फार जवळ गेलं तरी वीज हवेतून झेप घेते. उभ्या मालगाडीच्या टपावर कधीही, कधीही चढू नका.

आता हेच गणित पाण्यात बघायला रोह्याजवळच्या कोलाडला चला. तिथे कुंडलिका नदीत राफ्टिंग चालतं, ते पाणी भिऱ्याच्या वीजघरातून येतं. टाटांचं हे वीजघर १९२७ सालचं. मुळशीच्या तलावातलं पाणी सह्याद्रीतून सुमारे ५०० मीटर खाली उतरून इथली चक्रं फिरवतं. उंची म्हणजे व्होल्ट समजा आणि वाहतं पाणी म्हणजे अँपिअर. उंची भरपूर, म्हणून थोडक्या पाण्यात काम भागतं. सेकंदाला १,००० लिटर पाणी एवढ्या उंचीवरून पडलं की ४९ लाख वॉट मिळतात. यंत्रांत थोडे वाया गेले, तरी आपलं अख्खं इंजिन त्यावर चालेल!