दहा शिफ्टांचे चार श्रेयांक

मालिकेच्या सेटवर शिफ्ट बारा तासांची असते. सकाळी नऊची असेल तर रात्री नऊला सुटते. कॉलेजच्या कार्यप्रशिक्षणाचा, मुलांच्या तोंडी 'ओजेटी'चा, एक श्रेयांक ३० तासांचा. चार श्रेयांकांना १२० तास लागतात. म्हणजे दहा शिफ्टा. टीव्ही-सिनेमाकडे जाणारी मुले हा हिशेब पहिल्याच दिवशी करतात, आणि तो बरोबर आहे. पण दहाही शिफ्टा सेटच्या एका कोपऱ्यात उभे राहून काढल्या, तर अहवालात उतरते ते एवढेच: 'आज चित्रीकरण पाहिले. खूप शिकायला मिळाले.' माध्यम विषय शिकवताना असे अहवाल वाचावे लागतात तेव्हा वाईट वाटते. पाय दुखेपर्यंत मूल उभे राहिलेले असते, आणि कागदावर त्यातले काहीच नसते.

आधी नियमाचे पाहू. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा आराखडा ठरवला. त्यात तिसऱ्या वर्षाच्या सहाव्या सत्रात चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण आहे. पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षातही चारच श्रेयांक आहेत. एका सत्राचे एकूण श्रेयांक २० ते २२ असतात, त्यामुळे हा विषय जवळजवळ पाचवा हिस्सा खातो. मिळालेले श्रेयांक शेवटी तुमच्या 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'च्या खात्यावर जमा होतात. ते खाते उघडलेले नसेल तर आजच उघडा.

कागदांचा क्रम महत्त्वाचा. आधी कॉलेजचे शिफारसपत्र, मग निर्मितीसंस्थेचे रुजू करून घेतल्याचे पत्र, आणि मगच पहिली शिफ्ट. मुले नेमके उलटे करतात. ओळखीच्या ताईने 'उद्या ये' म्हटले की निघतात, आणि पत्र मागायच्या वेळी ती ताई दुसऱ्या मालिकेवर गेलेली असते. पत्रात चार गोष्टी हव्यात: कोणत्या विभागात, कोणत्या तारखेपासून कधीपर्यंत, देखरेख कोणाची, आणि प्रमाणपत्र कोण देणार. देखरेख करणारी व्यक्ती नावानिशी हवी, कारण तुमच्या गुणांचा एक भाग तिच्या शेऱ्यावर ठरतो.

जागा निवडताना चॅनेलचे नाव नंतर पाहा, आधी नकाशा पाहा. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ सालची, पाचशे एकरांहून मोठी. फाटकातून आत शिरल्यावरही सेटवर पोचायला वेळ लागतो. बऱ्याच मराठी मालिका ठाण्याच्या घोडबंदर रोडला, नायगावला, मढला उभ्या आहेत. कोल्हापूर, सातारा, नाशिकलाही कामे चालतात, आणि तिकडच्या मुलांनी मुंबईच गाठली पाहिजे असे मुळीच नाही. पॅकअप लांबले तर घरी सोडायची गाडी मिळते का, हे रुजू होण्याआधीच विचारा. मानधन बहुतेक ठिकाणी नसते. नाश्ता-जेवण सेटवर होते, प्रवासखर्चाचे मात्र स्पष्ट बोलून घ्यावे. इंटर्नशिप देतो म्हणून कोणी तुमच्याकडेच पैसे मागितले, तर तिथून निघा.

आता मुख्य गोष्ट. विभाग निवडायला मिळाला तर दिग्दर्शन विभागातली कॉन्टिन्युटी, म्हणजे एका शॉटमधले तपशील दुसऱ्याशी जुळते ठेवण्याचे काम, मागा, आणि पहिल्या आठवड्यात एकच प्रसंग धरून तो शेवटपर्यंत सोडू नका. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा मजकूर लागतो, आणि तो आठवड्याला सहा-सहा दिवस. त्यातला दोन मिनिटांचा प्रसंग तुमचा.

तो जन्मतो वन-लाइनमध्ये: 'नंदा माहेरून परत येते, सासू दारातच अडवते.' मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळी माणसे लिहितात, म्हणून हीच ओळ तुम्हाला तीन हातांतून गेलेली दिसेल. मग ब्रेकडाउन होते. दार लागणार, बॅग लागणार, संध्याकाळ लागणार, दोन बायका आणि मागे एक शेजारीण. त्यावरून कॉल शीट निघते: कोणी किती वाजता यायचे, कोणते सीन, कोणते कपडे. ही कॉल शीट रोज जपून ठेवा. तुमच्या तासांचा याहून पक्का पुरावा दुसरा नाही.

चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होत नाही. दाराबाहेरचा भाग मंगळवारी उरकतो, उंबरठ्याच्या आतला शुक्रवारी, कारण सासूचे काम करणाऱ्या बाईंच्या तारखा तशा असतात. पडद्यावर मात्र नंदा एकाच पावलात आत यायला हवी. बॅग कोणत्या खांद्यावर होती? पदर पिन केलेला की मोकळा? बांगड्या किती, टिकली कोणती, केस कानामागे होते का? 'अडवताय?' या शब्दाला तिने हात वर केला की शब्द संपल्यावर? कॉन्टिन्युटी पाहणारा सहायक हे सगळे टिपतो, फोटो काढतो, आणि शुक्रवारी मेकअप-कपड्यांच्या लोकांना आठवण देतो. मला हे काम सेटवरचे उत्तम शिक्षण वाटते. नजर बारीक होते, आणि संकलनाच्या टेबलावर पुढे काय लागणार आहे ते आधीच कळू लागते.

क्लॅप देण्याचे काम नव्या मुलाकडे येते, आणि ते हलके समजू नका. पाटीवर सीन, शॉट आणि टेकचे आकडे असतात. चित्र आणि आवाज वेगळ्या यंत्रांवर नोंदवले जात असतील, तर फळी आपटल्याची फ्रेम आणि तो 'टक्' एकमेकांवर बसवून दोन्ही जुळवतात. आकडा चुकला की शॉट हरवत नाही, पण रात्री संकलकाला शेकडो तुकड्यांत तो शोधत बसावे लागते.

पॅकअपनंतर कॅमेऱ्याच्या कार्डवरचा डेटा निदान दोन ठिकाणी उतरवला जातो. तिथून संकलन, मग आवाजाची सफाई, पार्श्वसंगीत, रंगांची दुरुस्ती, चॅनेलची तपासणी आणि प्रसारण. म्हणून दहातल्या तीन-चार शिफ्टा संकलनाच्या खोलीत मिळतात का, हे आधीच विचारून ठेवा. तुमचा दोन मिनिटांचा प्रसंग तिथे सव्वा मिनिटाचा होईल. कोणता तुकडा गेला आणि का, हे संकलकाला कामाच्या मधल्या वेळेत विचारा. चहा प्यायला थांबलेला माणूस मोकळेपणी सांगतो.

सेटवर कशाला हात लावायचा नाही हेही शिकावे लागते. दिवे लाइटमन हलवतो, ट्रॉली दुसरा ढकलतो, सेटवरची खुर्ची सेटिंगवाला दादा उचलतो. प्रत्येक कामाची संघटना आहे, कार्डे आहेत, आणि त्यामागे पोटाचा आणि सुरक्षेचा प्रश्न आहे. 'आज पासिंग कमी आहे, जरा मागून चाल' असे कोणी म्हणाले, तर आपल्या वरिष्ठांना सांगा. पासिंग, म्हणजे मागच्या गर्दीत चालणे, हेही कोणाच्या तरी रोजीचे काम आहे आणि तुमच्या ओजेटीचे नाही. फोटो आणि रील परवानगीशिवाय नकोत. प्रसारणाआधी कथानक बाहेर पडले तर चौकशी पहिल्यांदा नव्या मुलांची होते.

मुलींना एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते, इथेही सांगते. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात, मानधन मिळो वा न मिळो. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची. समितीतल्या लोकांची नावे पहिल्या दिवशीच विचारायला संकोचू नका, आणि कॉलेजच्या मार्गदर्शकांचा नंबर हाताशी ठेवा. श्रेयांक जातील या भीतीने गप्प बसू नका. जागा बदलून तास पुरे करता येतात. ते पाहणे आमचे काम आहे.

रोजनिशी त्याच रात्री लिहायची, परतीच्या लोकलमध्ये लिहिली तरी चालेल. तारीख, आत-बाहेरची वेळ, सीनचा आकडा, केलेले काम, आणि न समजलेली एक गोष्ट. ही शेवटची ओळ कोणी सहसा लिहीत नाही, पण तोंडी परीक्षेत मी तिथूनच सुरुवात करते. आठवड्यातून एकदा वरिष्ठांची सही घ्या. सगळ्या सह्या शेवटच्या दिवशी मागितल्या की तो माणूस आउटडोअरला गेलेला असतो.

मालिकेच्या श्रेयनामावलीत तुमचे नाव बहुधा येणार नाही. भाग मात्र ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी लागेल. घरच्यांबरोबर बसा, रोजनिशी उघडी ठेवा, आणि नंदा उंबरठा ओलांडते तिथे बॅग कोणत्या खांद्यावर आहे ते पाहा.