देवगिरीची ‘अंधेरी’ : हे पळून जायचं भुयार नाहीच!

दौलताबाद किल्ल्याचं एखादं रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. मोबाइलचा टॉर्च, काळाकुट्ट दगड, वटवाघळांची फडफड आणि खाली कॅप्शन : ‘राजाचं गुप्त भुयार’. कमेंटमध्ये कुणीतरी हमखास लिहितं की हे भुयार थेट वेरुळला निघतं.

ते वेरुळला निघत नाही. किल्ल्याच्याच वरच्या भागात निघतं. आणि ते गुप्तही नव्हतं. बालेकिल्ल्यावर जायचं तर सगळ्यांना, राजालाही, याच वाटेने जावं लागायचं. म्हणजे आपण ज्याला पळवाट समजतो, तो खरं तर किल्ल्याचा मुख्य दरवाजा आहे.

छत्रपती संभाजीनगरपासून साधारण १५ किलोमीटरवर सुमारे २०० मीटर उंचीचा हा डोंगर आहे. यादव राजा पाचवा भिल्लम याने १२ व्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी वसवली. डोंगराचा खालचा भाग सगळीकडून उभा तासलाय. जवळपास ५० मीटरची सरळ भिंत, तिच्या पायथ्याशी कातळात खोदलेला खंदक, खंदकावर एक अरुंद पूल. पूल ओलांडला की पुढे अंधेरी. हा मार्ग यादवकाळात कोरला गेला, असं मानलं जातं.

आता कल्पना करा, तुम्ही हल्ला करायला आलेले सैनिक आहात. बाहेर मराठवाड्याचं ऊन. आत पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे काहीच नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांना सरावायला काही मिनिटं लागतात आणि तेवढी मिनिटं इथे मिळणार नाहीत. पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या, वाट वळणावळणाची, त्यामुळे रांगेतल्या पुढच्याचं काय झालं ते मागच्याला कळत नाही. मध्येच एका बाजूने उजेड दिसतो. जीव वाचवायला माणूस तिकडे धावणार आणि थेट खाली खंदकात पडणार, अशी ती रचना असल्याचं सांगितलं जातं.

यातूनही कुणी वर पोहोचलाच, तर बाहेर पडायच्या तोंडावर लोखंडी झाकण. त्यावर विस्तव पेटवला की तोंड बंद आणि बोगद्यात धूर. तलवार न उपसता लढाई संपली!

पण आज दिसतं ते सगळं एकाच काळातलं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. १४ व्या शतकात इथे आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता लिहितो की वर जायला चामड्याची शिडी होती आणि रात्री ती ओढून घेत. (इथल्या कैदखान्यातले उंदीर मांजरांपेक्षा मोठे होते, असंही तो सांगतो. ते मात्र ज्याचं त्याने ठरवावं.)

मग एवढा बेलाग किल्ला पडला कसा?

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला. तेव्हा रामदेवराय यादवाचं राज्य होतं. परंपरेनुसार १२७० साली संत नामदेवांचा जन्म झाला ते हिंगोलीजवळचं नरसी याच यादवांच्या मुलखातलं. रामदेवरायाचं मुख्य सैन्य मुलाबरोबर बाहेर होतं, म्हणून राजा किल्ल्यात जाऊन बसला. फरिश्ता हा इतिहासकार पुढची हकिकत सांगतो. कोकणातून आलेले व्यापारी गोण्या तिथेच टाकून पळाले होते. धान्य समजून त्या घाईघाईने वर नेल्या. वेढा लांबल्यावर उघडून बघितल्या, तर आत मीठ!

राजाला तह करावा लागला. सोनं, मोती, हत्ती असं सगळं द्यावं लागलं. पुढच्या काही वर्षांत यादवांचं राज्य संपलं आणि १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने इथे राजधानी आणून गावाचं नाव दौलताबाद केलं.

आज किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. अंधेरीत आता शत्रू नाही, वटवाघळं आहेत, आणि त्यांचा वास पहिल्या वळणावरच येतो. दम्याचा त्रास किंवा अंधाराची भीती असेल तर बाहेरून पायऱ्यांची वेगळी वाट आहे. आत जाणार असाल तर सोबत टॉर्च ठेवा आणि पायात पकड असलेले बूट घाला. शक्य झालं तर मध्ये एकदा, उभं राहून, तो टॉर्च बंद करून बघा.