संस्थानिकांच्या मोटारी खरंच तरंगायच्या का?

विदर्भातल्या आर्णीचा मुलूख काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि वरचा रस्ता खालीवर होतो. अशा रस्त्यावर गाडी आदळली की कुणीतरी म्हणतं, 'राजेरजवाड्यांची रोल्स असती तर पोटातलं पाणी हललं नसतं.'

हललं असतं. १९०७ च्या रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टला अखंड धुरा आणि कमानपाटे होते. एक चाक खड्ड्यात गेलं की जोडीचं चाकही कलायचं. पुढची चाकं स्वतंत्रपणे हलण्याची सोय रोल्स-रॉइसने १९३६ च्या फँटम-३ मध्ये दिली, कॅडिलॅकने त्याआधी दोन वर्षं. सिल्व्हर घोस्टच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अकरा फुटांहून जास्त असल्याने हेलकावे संथ व्हायचे, एवढंच. खरी करामत इंजिनाची होती. सहा सिलिंडर, सात लिटर, सात बेअरिंगांवर पेललेला क्रँकशाफ्ट आणि त्याला दाबाखाली मिळणारं तेल. त्यामुळे थरथर आणि आवाज इतका कमी की प्रवाशाला रस्ताच मऊ वाटायचा.

या मोटारी केवळ मिरवायच्या होत्या, हा समज तर महाराष्ट्रातच खोटा ठरला. १९०८ च्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत 'पर्ल ऑफ द ईस्ट' ही सिल्व्हर घोस्ट ६२० मैल आणि सहा घाट बिघाडामुळे एकदाही न थांबता पार करून गेली. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली. त्या काळच्या घाटरस्त्यांचा विचार केला की मला हा पराक्रम कोणत्याही चांदीच्या नक्षीपेक्षा मोठा वाटतो.

हाताने घडवलेलं तेच अचूक, असंही मानलं जातं. पण १९०८ मध्येच इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर यंत्रांनी घडवलेल्या भागांच्या तीन कॅडिलॅक पूर्ण सुट्या केल्या, भाग एकमेकांत मिसळले, काही भाग दुकानातल्या साठ्यातले घातले आणि पुन्हा जोडून ५०० मैल पळवल्या. कानशीने घासून बसवलेल्या भागांना हे जमणारं नव्हतं. कॅडिलॅकला त्याबद्दल मोटारींसाठीचा मानाचा ड्यूअर करंडक मिळाला.

आणि रोल्स सगळ्यातच पुढे? विजेवरचा स्टार्टर कॅडिलॅकने १९१२ मध्ये दिला, रोल्सने पहिल्या महायुद्धानंतर. हिस्पानो-सुइझाच्या एच-६ ला १९१९ मध्येच चारही चाकांना सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारे) ब्रेक होते. सिल्व्हर घोस्टला पुढचे ब्रेक मिळायला १९२४ साल उजाडलं. जुन्या मोटारींच्या मेळाव्यात गेलात तर पुढच्या चाकाआड ब्रेकचा ड्रम आहे का, ते आधी पाहा.