गोबरगॅसची नळी भिंतीतून नेताना



परसात गोबरगॅसची टाकी, घरात शेगडी आणि मधे भिंत. गवंडी म्हणतो, "नळी भिंतीत गाडून वर गिलावा करू, दिसायला बरं." आम्ही म्हणतो, थांबा! गाडलेल्या नळीचा सांधा सुटला तर कळणार कसा? शिवाय या गॅसमधला गंधकयुक्त वायू आणि ओलावा लोखंडी नळीला आतून खातात.

म्हणून नळी भिंतीवरून उघडीच न्यावी. भिंत ओलांडायची तिथे आधी जरा मोठ्या नळीचा तुकडा आरपार बसवावा आणि त्यातून गॅसची नळी काढावी. भिंतीच्या आत सांधा मुळीच नको. मधली फट घराच्या बाजूने बुजवावी. नळीला टाकीकडे उतार द्यावा, नाहीतर पाणी साचून ज्योत फडफडते. एक कॉक टाकीपाशी, दुसरा शेगडीपाशी हवाच.

सांधे साबणाच्या फेसाने तपासा, काडी ओढून कधीच नाही. मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताखाली साचतो; तेव्हा झरोका उंचावर ठेवा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर विस्तव विझवा, कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि विजेच्या बटणाला हात लावू नका.

पाट फुटला तर पाणी दिसतं. गॅस दिसत नाही. गवंड्याला हे आधीच सांगा.