ब्रेकचा बोल्ट जाम झालाय? जोर लावण्याआधी हा क्रम वाचा

डिस्क ब्रेकचे पॅड बदलणं तसं अर्ध्या तासाचं काम. पॅड ऑनलाइन मिळतात, व्हिडिओ फोनवर असतो, अ‍ॅलन की घरात असते. पण गाडी अडते एका बोल्टवर. तो हलत नाही, आपण जोर लावतो आणि त्याचं षटकोनी भोक गोल होऊन बसतं. मग वाटतं, राहू दे, पुढच्या महिन्यात बघू.

आमच्या कळवणमध्ये हे 'राहू दे' परवडत नाही. पावसाळ्यात शेतरस्त्यांचा चिखल थेट कॅलिपरवर बसतो आणि नंतर तिथेच वाळतो. याच बाईक नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटात चढतात-उतरतात, बऱ्याचदा डबलसीट. संपलेले पॅड घेऊन तो उतार उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून जाम बोल्ट कोणत्या क्रमाने काढायचा, ते आज बघू.

बोल्ट जाम का होतो?

बोल्ट पोलादाचा असतो, कॅलिपर बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियम गंजायला लागतं. त्याची पांढरी पावडर मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांमध्ये ठासून बसते. दुसरं कारण म्हणजे थ्रेडलॉकर. बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावलेला हा गोंद बऱ्याचदा कंपनीतूनच आलेला असतो. तिसरं कारण, आधीच्या सर्व्हिसमध्ये कुणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळलेला बोल्ट.

आधी फोन काढा

बोल्टचं डोकं वायर ब्रशने साफ करा आणि टॉर्च लावून जवळून फोटो काढा. झूम केल्यावर दोनपैकी एक गोष्ट दिसेल: डोकं शाबूत आहे पण बोल्ट हलत नाही, किंवा डोकंच स्लिप झालंय. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

मास्टर सिलिंडरच्या झाकणावरचे स्टार स्क्रू नीट बघा. जपानी कंपन्यांच्या डिझाइनच्या बाईकवर ते बऱ्याचदा जेआयएस प्रकारचे असतात. साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि खाच खातो. जेआयएस बिट वेगळा मिळतो, तोच घ्या.

डोकं शाबूत असेल तर

सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली की अनडू करता येतं, बोल्टला ती सोय नाही. त्यामुळे ज्या उपायाने काहीच बिघडत नाही, तो सगळ्यात आधी.

१. गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि थांबा. तो आट्यांत हळूहळू झिरपतो, दहा मिनिटांत चमत्कार होत नाही. आमच्या घरच्या बाईकच्या पॅड पिनला तीन संध्याकाळी स्प्रे मारला, चौथ्या दिवशी ती सुटली. डिस्कवर प्लास्टिकची पिशवी बांधा. स्प्रे पॅडला लागला तर ते पॅड पुन्हा वापरू नका. या दिवसांत गाडी घरीच ठेवा.

२. बोल्टच्या डोक्यावर पंच ठेवून हातोडीचे छोटे, सरळ ठोके द्या. धक्क्याने आतला गंज तडकतो.

३. हत्यार बदला. बारा कोनांच्या रिंग पान्यापेक्षा सहा कोनांची गोटी डोक्याला जास्त पकड देते. अ‍ॅलन की झिजलेली नको, भोकातली माती टोकाने काढा आणि की तळापर्यंत ठोकून बसवा.

४. आधी किंचित आवळा, मग सोडवा, पुन्हा आवळा. थोडा हलला की पुढे-मागे करत बाहेर आणा.

५. कॅलिपरवर उकळतं पाणी ओता. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ८ मिमी बोल्टभोवती तापमान ८० अंशांनी वाढलं तर साधारण ७ मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा भाग. ऐकायला कमी वाटतं, पण गंजाची पकड सुटायला बऱ्याचदा तेवढं पुरतं.

गॅस टॉर्च मात्र लावू नका. डॉट ४ ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २३० अंश सेल्सिअस आणि पाणी शोषलेलं असताना १५५ अंश. ज्वाळेपुढे हे काहीच नाही. रबर सील जळतात, वर स्प्रेला आग लागण्याची भीती.

आणखी एक गोष्ट: पॅड पिन सैल करायची असेल, तर कॅलिपर फोर्कवर बसलेला असतानाच करा. सुटा कॅलिपर हातात धरून जोर लागत नाही.

डोकं स्लिप झालं असेल तर

५ मिमीचं अ‍ॅलनचं भोक गोल झालं असेल तर टी३० टॉर्क्स बिट ठोकून बसवून बघा. तो घट्टच बसला पाहिजे, सैल बसला तर सोडून द्या. डोकं बाहेर असेल तर व्हाइस ग्रिपने पकडा, किंवा हॅक्सॉने खाच पाडून मोठा चपटा स्क्रू ड्रायव्हर लावा. यानेही नाही झालं तर वेल्डिंगवाल्याकडून डोक्यावर नट वेल्ड करून घेता येतो. पण आधी कॅलिपर फोर्कवरून सुटत असेल तर काढा, आणि बॅटरीची वायर सोडा.

इथे थांबा

ब्लीड निपल आतून पोकळ असतो, जोराने पटकन तुटतो. तो जाम असेल, किंवा बोल्ट आतच तुटला असेल, तर काम लेथवाल्याकडे किंवा अनुभवी मेकॅनिककडे न्या. घरच्या ड्रिलने भोक तिरकं गेलं तर कॅलिपर गेला. एक्स्ट्रॅक्टरही जपून वापरायचं हत्यार आहे. तो इतका कडक असतो की आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही.

नवा बोल्ट बसवताना

जुना स्लिप झालेला बोल्ट परत लावू नका. डोक्यावरचे ८.८ किंवा १०.९ हे आकडे ताकदीचे असतात. ब्रेकला कंपनीचाच बोल्ट घ्या. ऑनलाइन मिळणारे चकचकीत स्टेनलेस बोल्ट बऱ्याचदा १०.९ पेक्षा कमी ताकदीचे असतात.

किती आवळायचं ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. टॉर्क रेंच नसेल तर घरातला लटकवायचा वजनकाटा चालतो. समजा मॅन्युअलमध्ये २५ न्यूटन मीटर लिहिलंय. बोल्टच्या मध्यापासून २५ सेंटीमीटरवर पान्याला काटा अडकवा आणि काटकोनात ओढा. काट्यावर साधारण १० किलो दिसलं की थांबा. हा अंदाज आहे, पण 'हाताला घट्ट वाटलं' यापेक्षा कितीतरी बरा. पुढच्या वेळी बोल्ट जाम व्हायचं एक कारण इथेच कमी होतं.

शेवटी, गाडी हलवण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा. मग मोकळ्या जागेत हळू चालवून चार-पाच वेळा ब्रेक मारून बघा. लिव्हर मऊ लागला किंवा कुठे ऑइल गळताना दिसलं, तर गाडी तिथेच उभी करा. सगळं ठीक वाटलं तरच घाटाकडे निघा.