खेळून आलं की पुरळ: डॉक्टरकडे जाण्याआधी फोनमध्ये काय हवं?

आजचा एपिसोड लहान मुलांच्या पुरळावर. ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा.

सीन ओळखीचा आहे. मूल संध्याकाळी खाली खेळायला जातं, वर येतं आणि अंगावर लाल पुरळ. चार दिवसांत जातं, पुढच्या आठवड्यात परत हजर. मग घरात प्रत्येकाची थिअरी सुरू. "अंडं खाल्लं म्हणून." "पित्त उठलंय." "मातीत खेळू नको म्हटलं होतं ना?" शेवटी अंडं बंद, शेंगदाणे बंद, खेळणंही बंद. पुरळ मात्र चालूच!

मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण कधी येणारा, कधी गायब होणारा बग पकडणं हे माझं रोजचं काम. तो अंदाजाने सापडत नाही, लॉग बघावा लागतो. पुरळाचंही तसंच. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ते गेलेलं असतं, आणि डॉक्टरांना दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून तीन गोष्टी टिपायच्या: कधी आलं, कुठे आलं, किती टिकलं.

आता नेहमीचे चार संशयित बघू.

कीटकदंश. डास, पिसवा, ढेकूण. साधारण २ ते १० वर्षांच्या काही मुलांचं शरीर या चाव्यांना जास्तच रिअ‍ॅक्ट करतं. पायांवर, हातांवर खाजऱ्या पुळ्यांचे पुंजके येतात, मध्ये बारीक ठिपका दिसू शकतो. कपड्याखालचा भाग बहुतेक स्वच्छ. पुळ्या कित्येक दिवस टिकतात. गंमत म्हणजे नवीन चावा झाला की जुन्या जागाही परत खाजतात. घरात सगळ्यांना डास चावतात, पण पुरळ एकालाच येतं, ते यामुळेच. मूल मोठं होतं तसा हा त्रास बहुधा कमी होतो.

गांधी. यालाच आपण पित्त उठणं म्हणतो, पण अ‍ॅसिडिटीशी याचा संबंध नाही. एक गांधी साधारण २४ तासांच्या आत विरते आणि दुसरीकडे नवी उठते.

घामोळं. घामाच्या नळ्या तुंबल्या की बारीक पुटकुळ्या येतात. मान, पाठ, काखा, म्हणजे जिथे कपडा घासतो तिथे. अंग गार ठेवलं की काही दिवसांत जातं.

गाजरगवत. मोकळ्या प्लॉटवरचं ते बारीक पांढऱ्या फुलांचं झाड. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. त्याची अ‍ॅलर्जी मोठ्यांमध्ये जास्त दिसते, पण मुलांनाही होते. पापण्या, मान, कोपराची आणि गुडघ्यामागची घडी, इथे बघा.

इथे एक मेख आहे. गाजरगवताची रिअ‍ॅक्शन लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येते. खेळ शनिवारी, पुरळ सोमवारी, आणि दोष सोमवारच्या डब्याला!

एक सोपी ट्रिक सांगतो. एका पुळीभोवती बॉलपेनने गोल काढा आणि फोटो घ्या. २४ तासांनी तिथलाच फोटो परत घ्या. गोल रिकामा दिसला तर गांधी असण्याची शक्यता जास्त. पुळी तिथेच असेल तर बहुधा दुसरं काही. निदान डॉक्टरच करतील, पण त्यांच्या हातात पुरावा असेल.

माझ्या ताईने तिच्या चार वर्षांच्या मुलासाठी तीन आठवडे हेच केलं. पुळ्या फक्त गुडघ्याखाली, आणि तो पार्किंगमध्ये मांजरं झोपतात तिथे खेळला त्याच दिवशी. फोटो बघून बालरोगतज्ज्ञ म्हणाले, पिसवा. खेळायची जागा बदलली, फुल पँट आली, आणि तीन महिने बंद असलेलं अंडं परत ताटात आलं.

आता, करू नका अशी एक गोष्ट. मेडिकलमधून परस्पर आणलेली "खाजेची ट्यूब" मुलाला लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्ट्रॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण विनाकारण वापरलं तर त्वचा पातळ होते, आणि नायटा असेल तर तो लपून पसरतो. तोपर्यंत थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि नखं कापा, कारण खाजवून जखम झाली की त्यात पू होतो.

आणि इथे लॉग वगैरे विसरा, थेट हॉस्पिटल गाठा: ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास होतोय, पुरळासोबत उलट्या होतायत किंवा मूल मलूल पडलंय. तापासोबत लाल-जांभळे डाग असतील तर त्यावर काचेचा पारदर्शक ग्लास दाबा. डाग फिके पडले नाहीत तर लगेच निघा. फिके पडले, पण मूल जास्त आजारी वाटतंय, तरीही थांबू नका.

बाकी वेळी कारण सापडेपर्यंत मुलाचं खेळणं तोडू नका. घरात बसवून ठेवणं हा काही इलाज नाही. ज्यांच्या घरी असं पिल्लू आहे, त्यांना हा एपिसोड फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या भागात!