उघडी सीमा

परदेशी जायचे म्हणजे पारपत्र हवे, त्यावर व्हिसाचा शिक्का हवा, असे आपण धरून चालतो. पण रक्सौलचा मनुष्य नेपाळातील वीरगंजच्या बाजारात जातो, तो नुसता पूल ओलांडून! ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूस भारत-नेपाळ तह झाला. त्याच्या सातव्या कलमात दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, व्यापाराची व हिंडण्याफिरण्याची मुभा मान्य केली. विमानाने जाणाऱ्यास मात्र ओळखपत्र दाखवावे लागते. या मुभेचे मोल मार्च २०२० मध्ये कळले. साथीमुळे सीमा बंद झाली, धारचुल्याचा पूल अडला. तेव्हा पैलतीरी घर दिसत असलेल्या काही नेपाळी मजुरांनी महाकालीत उड्या टाकल्या. कलम कागदावर असते खरे. पण त्याच्या भरवशावर माणसे संसार मांडतात.